मठाची वाट

एनिड लार्टरबाईंना सिरिल गॉट्स एकोणीस वर्षं ओळखत होता, पण त्यांच्याविषयी कोणी विचारलं असतं तर त्याला चार वाक्यंही धड सांगता आली नसती. त्या गावच्या शाळेत स्वयंपाक करायच्या, अर्धं गाव त्यांच्या हातचं खाऊन मोठं झालं होतं, आणि मोठं झालेल्यांनाही त्या रस्त्यात थांबवून "वाळलास किती" म्हणायच्या, एवढं त्याला ठाऊक होतं. नवऱ्याचा विषय त्या काढत नसत. मुलगा न्यूझीलंडला होता. तो फोन करतो की नाही, हे सिरिलने कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं त्याला फार उशिरा वाटलं.

दोघं वर्षातून एकदाच बरोबर असत. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी गायरान ओलांडून पलीकडच्या पडक्या मठापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. बाकी वर्षभर पोस्टाच्या दुकानात गाठ पडली तर मान हलवायची, झालं.

सुरुवात झाली ती सिरिल नवा नवा गावात राहायला आला तेव्हा. त्या वसंतात तो गायरानाच्या कडेला चंडोल ऐकत उभा होता. लार्टरबाई हातात छाटणीची कात्री घेऊन तरातरा आल्या.

"तुम्हीच ना ते नवे? काही काम आहे आत्ता?"

"नाही, तसं काही..."

"मग चला. साक्षीला माणूस हवा."

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या त्या गावात पिढ्यान् पिढ्या एक समज होता. एका वसंतापासून पुढच्या वसंतापर्यंत जी वाट कोणी चाललं नाही ती मरते, आणि मग जमीनवाला तिच्यावर कुंपण घालायला मोकळा होतो. लार्टरबाईंची आजी ही वाट चालली होती, आई चालली होती. आता बाकीच्यांनी सोडून दिलं, म्हणून त्या चालत होत्या.

सिरिलची सगळी नोकरी जिल्हा कचेरीच्या नकाशा विभागात गेली होती. सार्वजनिक वाट एकदा नकाशावर आली की कोणी चालो न चालो, ती आपोआप मरत नाही, हे त्याच्याइतकं त्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. सांगायला म्हणून त्याने तोंड उघडलं. बाई तोवर दहा पावलं पुढे गेल्या होत्या. तो मुकाट्याने मागोमाग गेला, आणि पुढच्या मे महिन्यात न बोलावता येऊन उभा राहिला.

या वर्षी मात्र तिढा होता. बाईंचं हृदय थकलं होतं. बागेच्या फाटकाबाहेर जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ते सगळ्या दुकानाला कळलं होतं. तरी रविवारी त्या काठी टेकत आल्याच. खरं सांगितलं तर त्या घरी बसतील, सिरिल आदली रात्रभर हाच विचार करत होता. पण मग पुढच्या मे महिन्यात, आणि त्याच्या पुढच्या, तो कशासाठी यायचा?

पिवळ्या फुलांनी काटेरी झुडपं पेटल्यासारखी दिसत होती. खोंडं मान वर करून बघत होती. ओढ्यावरच्या साकवापर्यंत पोचता पोचता बाई तीनदा थांबल्या. साकवापलीकडे विलोचं एक झाड आडवं पडलं होतं, त्यावर त्या बसल्या. ओठ निळसर झाले होते.

"दोन मिनिटं," त्या म्हणाल्या. "मग निघू. अर्ध्यावरून वळलं तर चाललं धरत नाहीत."

"लार्टरबाई," सिरिल म्हणाला, "वाट जात नाही. नकाशावर आहे ती. कोणी नाही चाललं तरी राहते. मी हेच काम करायचो."

बाईंनी मठावरची नजर त्याच्याकडे वळवली.

"हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे एकोणीस वर्षं म्हातारीची गंमत बघत होतात."

"गंमत नाही हो." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मला यायचं असायचं."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, ताट अर्धं टाकून उठणाऱ्या पोराला न्याहाळावं तसं. मग पिशवीतून कात्री काढून त्याच्या हातात दिली.

"काट्यांना नकाशा वाचता येतो का, गॉट्स?"

"नाही."

"मग जा. मी इथून बघते. मठाच्या कमानीपाशी दरवर्षी माजतात."

तो एकटाच गेला. कमानीखाली ब्लॅकबेरीच्या वेली गुडघाभर वाढल्या होत्या. इतकी वर्षं कात्री बाईंच्याच हातात असायची, त्यामुळे त्याची दोन्ही मनगटं ओरबाडून निघाली. काम संपवून त्याने मागे पाहिलं. हिरव्यागार गायरानात बाई मुठीएवढ्या दिसत होत्या. त्याने हात हलवला. त्यांनी काठी उचलून डावीकडे रोखली. डावीकडे एक वेल राहिली होती. तीही त्याने कापली.

परतताना त्यांनी त्याचा दंड धरला. फाटकाशी पोचायला तासभर लागला.

"सरळ सांगितलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर एखाद्या साध्या दिवशीही बोलावलं असतं. गुरुवारी चहाला या. आणि तोंड उघडायची सवय करा."

तो गेला. पाच गुरुवार गेला. तोंड त्याने फारसं उघडलं नाही, आणि बाईंनीही पुन्हा म्हटलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी दोघं बसत, बाई बागेतल्या गोगलगाईंना शिव्या घालत. सहाव्या गुरुवारच्या आदल्या दिवशी त्या गेल्या.

पाचव्या गुरुवारी त्या दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. सिरिलने आभाळाकडे पाहिलं.

"पाऊस येईलसं दिसतंय."

"येऊ दे," लार्टरबाई म्हणाल्या. "बटाट्यांना बरं."