श्यामकांतबुवांची बारी

घाटकोपरच्या भटवाडीत श्यामकांतबुवा म्हणजे डबलबारीतलं मोठं नाव. दोन बुवा समोरासमोर भजनं गातात आणि गाता गाता एकमेकांना टोमणे हाणतात, तो हा सामना. त्यात बुवांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. घरीही जीभ स्वस्थ नसे. बायकोच्या, कुंदाताईंच्या, चहाला नावं ठेवल्याशिवाय त्यांचा घोट उतरत नसे.

अर्धांगवायूने ती जीभच गेली. उरला एकटा ‘बा’. सूर मात्र शाबूत होता. डॉक्टर म्हणाले, आवाज वापरता ठेवा, नाहीतर तोही मिटेल. कुंदाताईंनी बुवांची पेटी पुढ्यात ओढली आणि त्या एका ‘बा’ची भाषा बांधायला घेतली. खालच्या ‘सा’वरचा ‘बा’ म्हणजे पाणी, पंचमावरचा म्हणजे चहा. सूर वर चढवला की प्रश्न, खाली सोडला की नको. आधी कुणाला सांगायचं त्याचा सूर, मग काय हवं त्याचा. बुवा भराभर शिकले. कुंदाताई शेजारणींना कौतुकाने सांगत, "आमच्याकडे मालवणी, मराठी आणि आता ही तिसरी!"

आणि मग बुवा गप्पच झाले. चहा हवा तरी नुसतं बोट दाखवायचे. पेटी उघडली की तोंड भिंतीकडे.

एका रविवारी मुलुंडहून धोंडिरामबुवा आले. हे बुवांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. दारातूनच म्हणाले, "काय वो बुवा, हरलास काय?"

बुवांचे डोळे पेटले. "बा! बा! बा!" एवढंच निघालं. शब्द नाहीच, सूरही सापडेना. पाहुणा ओशाळला आणि चहा न घेताच उठला.

कुंदाताई कप विसळत उभ्या राहिल्या. जन्मभर समोरच्याची खोड काढणाऱ्या माणसाला आपण नुसती मागायची भाषा दिली. पाणी द्या, चहा द्या. टोमणे गेले तेव्हा आपल्याला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही त्यांना आठवलं. त्यांना स्वतःची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीवर नवी चाल बसवली. वरच्या ‘सा’वरून घसरत खाली यायचं आणि शेवटी एक झटका. "हा टोमणा. कुठल्याही शब्दाआधी लावा, समोरच्याची सालटी निघतील." मग चहा पुढे ठेवला. एरवी ‘अहो’ म्हणणाऱ्या त्या म्हणाल्या, "बुवा, बारी तुमची."

बुवांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं. मग वरून घसरत, झटका देत पंचमावर येऊन थांबले. "बाऽऽ बा!"

हा कसला चहा!

कुंदाताईंचे डोळे घळाघळा वाहू लागले. ‘माझ्या चायेक नावा ठेवतास?’ हे ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. इतके महिने त्या भाषा शिकवत होत्या, स्वतः मात्र तिच्यात एकदाही बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला, पेटीचा भाता ओढला आणि बुवांच्याही वरच्या पट्टीत उलट टोमणा हाणला, "बाऽऽ बा!"

बुवा सावरून बसले. सामना लागला होता.