डॉक्टर म्हणाले, फिरत जा

आमच्या घरात फोटो कुणाला नीट दाखवून होतच नाहीत. चहाला आलेला माणूस विचारतो, "मग, काय काय पाहिलंत?" आम्ही फोन काढतो, आणि पहिल्याच फोटोवर कुणाला तरी काहीतरी आठवतं. एक जण सांगायला लागतो, दुसरा "तसं नव्हतं ते" म्हणतो, तोवर चहा गार. या वर्षी तर इतके किस्से साठलेत, की पाहुण्याला जेवूनच जा म्हणावं लागतं.

घरात आम्ही चौघं. सासरे म्हणजे अण्णा, माजलगावजवळ ऊस लावण्यात आयुष्य गेलेलं. सासूबाईंना सगळे नुसतं बाई म्हणतात. नवरा सुधाकर, आणि शाळेत शिकवणारी मी. मागच्या वर्षी बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आजी, आता रोज फिरत जा."

त्यांना सकाळचं चालणं म्हणायचं होतं. बाईंनी गाडीत बसल्या बसल्या सुधाकरला विचारलं, "मग कुठं नेतूस?"

*

पहिल्यांदा कोकणात गेलो. समुद्रकाठच्या एका काकूंच्या घरी उतरलो होतो. सकाळी अण्णा समुद्राकडं बघत बराच वेळ उभे राहिले. मग ओंजळभर पाणी घेऊन चूळ भरली, थुंकली, आणि परत आले.

दुपारी बघितलं तर ओहोटी. पाणी पार लांब गेलेलं. धरणाच्या पाण्याची पाळी सांभाळण्यात ज्यांची हयात गेली, त्या अण्णांना राहवेना. काकू भाजी निवडत होत्या. त्यांना विचारलं, "पानी बंद केलं का वो?"

काकूंनी मान वर केली नाही. "हो. संध्याकाळी सोडतील परत."

अण्णा निवांत झोपले. संध्याकाळी लाटा पायरीपर्यंत आलेल्या बघून म्हणाले, "येळेवर सोडतेत. आपल्याकडं न्हाई असं."

*

मध्ये मला शाळेच्या प्रशिक्षणासाठी एकटीला पुण्याला जावं लागलं. लग्नानंतरचा माझा पहिला एकटीचा प्रवास. दुपारी एका खानावळीत बसले. वेटर म्हणाला, "मॅडम, बाकीचे आल्यावर ऑर्डर घेऊ?" म्हटलं, "बाकीचं कुणी नाही." त्यानं थाळी आणली. वरणातून वाफ निघत होती. कुणाला वाढायचं नव्हतं, उठायचं नव्हतं. मी शांतपणे जेवले आणि वर दही मागवलं.

मग घरी फोन केला. सुधाकरला विचारलं, "जेवलात का?"

"जेवलो. भाकरी मी थापली."

"जमली?"

मागून बाईंचा आवाज आला, "तिला म्हणावं, सावकाश ये. लई दिवसांनी हसायला मिळालंय."

*

सुधाकरला गाडीचा फार अभिमान. कोकणचे घाट चढली, कुरकुर केली नाही. आणि बंद कुठं पडावी, तर घरापासून हाकेच्या अंतरावर, धारूरच्या घाटात. अंबाजोगाईला पाहुण्यांकडं निघालो होतो. सुधाकर बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला. मेकॅनिकला यायला वेळ होता.

सीताफळांचे दिवस होते. रस्त्याकडेला एक बाई पाटी घेऊन बसलेली. आमच्या बाई तिच्याशेजारी फतकल मारून बसल्या, मग मी बसले, मग अण्णा. समोर डोंगर हिरवे, वारा चांगला, आणि डोळे उघडलेली पिकली सीताफळं. बियांचे ढीग लागले. सुधाकर तेवढा तेलकट हातांनी येरझाऱ्या घालत होता.

मेकॅनिक आला, गाडी चालू झाली. हात पुसत त्यानं विचारलं, "कुठं निघालात, आजी?"

बाई म्हणाल्या, "कुठं न्हाई. हितंच आलतो."

पाहुण्यांकडं त्या दिवशी गेलोच नाही.

*

वर्षाच्या शेवटी परळीहून रेल्वेनं हैदराबादला निघालो. बाईंच्या समोर त्यांच्याच वयाची एक तेलुगू बाई बसलेली. तिला मराठी येईना, बाईंना तेलुगू. तरी विकाराबाद येईपर्यंत दोघींचं बोलणं थांबलं नाही. ती हात हलवून काही सांगायची, बाई "व्हय, व्हय" करायच्या. एकदा तर दोघींनी डोळे पुसले.

ती उतरल्यावर सुधाकरनं विचारलं, "बाई, तुला कळत होतं का ती काय म्हणत होती?"

"न कळायला काय झालं? सुनेचं गाऱ्हाणं होतं. त्याला भाषा कशाला लागती?"

मी शेजारीच बसले होते.

*

हैदराबादला एक मोठं म्युझियम बघायला गेलो. अण्णा सवयीप्रमाणे पुढं चालत होते. एका दालनातून बाहेर आल्यावर त्यांनी मागं वळून बघितलं, तर बाई नाहीत.

सुधाकर पळत वरच्या मजल्यावर गेला. फोन बाईंनी पिशवीत ठेवलेला, आणि पिशवी माझ्या हातात. "तिची गोळी घ्यायची येळ झाली," एवढंच अण्णा परत परत म्हणत होते. मी त्यांना दाराजवळच्या काउंटरवर नेलं. तिथं माईक होता.

माईकवरच्या माणसानं विचारलं, "नाम क्या है, चाचा?"

"सुधाकरची माय," अण्णा म्हणाले.

"नाम, चाचा. उनका नाम."

अण्णांनी बाईंना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. 'आगं' आणि 'ऐकलं का' यावरच त्यांचा सगळा संसार झालेला. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर अण्णांनी माईक स्वतःकडं ओढला.

"द्वारका," ते म्हणाले. सगळ्या इमारतीत आवाज घुमला. "द्वारका, मी हितं हाय. दाराजवळ."

लोक थांबून बघायला लागले. अण्णांनी पुन्हा हाक मारली. आणि तेव्हा मला बाई दिसल्या. समोरच्याच खांबाआड बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर खाली. अण्णांना तिथून दिसत नव्हत्या. त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली. मग बाई उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सावकाश चालत आल्या.

अण्णांनी खिशातली गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

बाहेर पडताना मी हळूच विचारलं, "बाई, पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं का?"

"आलं की," बाई म्हणाल्या.