बाहेर उभा राहिलेला बगळा

क्लॅरी पेनहॅल यांच्या मांडीवर मी टोमॅटो सॉस उडवला नसता, तर गेल्या वर्षीचं अजिंक्यपद आमच्या क्लबला मिळालंच नसतं, असं ग्वेन स्टारकीचं ठाम मत आहे. सॉस माझा, हे मी जागच्या जागी कबूल केलं होतं. त्यापुढचं सगळं ग्वेनचं.

मी मॅलीकडचा, म्हणजे गहू, मेंढ्या आणि धूळ पिकवणाऱ्या मुलखातला. शहरात टायरच्या दुकानात नोकरी लागली आणि मी हेरन्स या फुटबॉल क्लबचा सभासद झालो. त्यात निष्ठा वगैरे काही नव्हती, मैदान माझ्या खोलीपासून चालत जाण्यासारखं होतं एवढंच. हेरन्स म्हणजे बगळे. अंगावर करड्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी. आम्ही दिसलो की समोरच्या संघाचे लोक एका पायावर उभे राहून दाखवतात. आमच्या क्लबने साठावर वर्षांत एकदाही अजिंक्यपद मिळवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचे पाय दुखून ते खाली येईपर्यंत गप्प बसणं हेच आमच्या हातात असायचं.

मोसमाची सुरुवात होती. इथला फुटबॉल हातापायांनी खेळतात, चार क्वार्टरांत. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आम्ही पाच गोलांनी मागे होतो. मी चिप्स घेऊन जागेवर आलो आणि सॉसची पुडी दाबली. ती पुडी मधोमध दुमडून दाबायची असते, तोंड आपल्या चिप्सकडे करून. हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. मी उलटी दुमडली. सॉस सरळ शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या फिकट पँटवर.

"असू दे रे," ते म्हणाले. "पँट जुनीच आहे. मीही."

ते नळावर पँट धुवायला गेले. ते तिकडे पुसत होते तेवढ्यात आमच्या बगळ्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. एकामागून एक गोल. शेवटचा फटका खांबांमधून न जाता बाजूने गेला, गोलाचे सहा गुण असतात तिथे त्याचा एक मिळाला आणि त्या एका गुणाने आम्ही जिंकलो. नेम चुकल्याबद्दलही गुण देणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. आमच्या क्लबचं पोट वर्षानुवर्षं त्याच गुणांवर भरत आलं होतं.

ओली पँट घेऊन क्लॅरी परत आले, तेव्हा लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

"होतास कुठे?" पुढच्या रांगेतून ग्वेनने विचारलं.

"पँट धूत होतो."

"मग पुढच्या शनिवारीही धू."

सगळे हसले. क्लॅरीही हसले. पुढच्या सामन्याला ते जागेवरच बसले आणि चार गोलांनी पुढे असलेले आम्ही हरलो. त्याच्या पुढच्या सामन्यात तिसरा क्वार्टर संपल्याचा भोंगा वाजला, तशी ग्वेन मागे वळली. या वेळी ती हसत नव्हती.

"क्लॅरी, जरा पाय मोकळे करून ये."

"माझे पाय मोकळेच आहेत."

"अजून मोकळे कर."

क्लॅरी उठले. आम्ही जिंकलो. झालं, नियम बसला.

क्लॅरींविषयी सांगायचं तर माणूस उंच, किडकिडीत, मान लांब आणि थोडी पुढे झुकलेली. हेरन्सचा पाठीराखा म्हणून देवानेच घडवलेला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लाकडी घरात एकटे राहत. हिवाळ्यात खिशातून संत्री आणत, सोलत, आणि रांगेत फोडी वाटत. स्वतःला शेवटची एखादी उरली तर उरली. मला ते नावाने हाक मारत नसत. "ए मॅली" म्हणत, जणू तो सगळा मुलूख मीच खिशात घालून आणलाय.

क्लबचं मागचं अजिंक्यपद त्यांनी पाहिलं होतं, असं मी समजत होतो. एकदा तसं विचारलं.

"गेलो होतो," ते म्हणाले. "सात वर्षांचा होतो. वडिलांनी नेलं होतं. तेव्हा सगळे उभे राहून बघायचे. माझ्यापुढे तीन माणसं होती. मला त्यांचे कोट अजून आठवतात. एक तपकिरी, त्याची शिवण उसवलेली. वडील विचारायचे, दिसलं का? मी म्हणायचो, दिसलं."

"मग वडिलांना सांगितलं नाही कधी?"

"कशाला? त्यांना वाटत होतं ना, त्यांनी मला दाखवलं म्हणून."

हे कळल्यावर मला सॉसचं जास्तच वाईट वाटायला लागलं. आयुष्यात एकदा तरी आपला क्लब जिंकताना डोळ्यांनी बघायचा, एवढंच या माणसाला हवं होतं. आणि क्लब जिंकायला लागला होता तो नेमका त्यांची पाठ वळल्यावर.

त्याची भरपाई म्हणून मी एक काम अंगावर घेतलं. सामना संपला की आम्ही दोघे चालत घरी निघायचो, आणि त्यांच्या फाटकापर्यंत मी त्यांना शेवटचा क्वार्टर सांगायचो. ते मुद्दाम हळू चालायचे. कधी वाटेत कुणाचा गुलाब बघायला थांबायचे. क्वार्टर लवकर संपू नये म्हणून. मीही हळूहळू तयार झालो. आमच्या गावच्या शाळेत मला निबंधात कधी चांगले गुण मिळाले नव्हते, पण इथे मी एका झेलाला तीन खेळाडूंच्या खांद्यावरून उडवायला शिकलो. वारा नसेल तर वारा आणायचो. एका सोमवारी क्लॅरी दुकानात आले, टायरच्या ढिगावर पेपर ठेवला आणि म्हणाले, "यात लिहिलंय, शेवटच्या क्वार्टरमध्ये चार गोल झाले. तू सहा सांगितलेस."

मी ढिगातला एक टायर उगाच सरळ केला.

"राहू दे तुझेच. पेपरवाल्याला काय कळतंय."

हिवाळा असा गेला. बगळे जिंकत राहिले आणि क्लॅरी बाहेर उभे राहत राहिले. स्टँडच्या मागे सिमेंटचा खांब होता, त्याला टेकून. आरडाओरडा कुणाचा हे ऐकून अंदाज करायचे, आणि बहुतेक वेळा तो चुकायचा. खात्री व्हायची ती सामना संपल्यावर. जिंकणाऱ्या क्लबचं गाणं कर्ण्यांवर लागायचं. आमचं लागलं की ते आत यायचे.

ऑगस्टात, म्हणजे इथला हिवाळा सरत असताना, एक सामना असा आला की तिसऱ्या क्वार्टरनंतर आम्ही दहा गोलांनी पुढे होतो. मी म्हटलं, "आज तरी बसा. आज हरायचं म्हटलं तरी जमणार नाही."

ग्वेनच्या शेजारी स्पिरो बसायचा, किराणा दुकानवाला, एरवी हिशेबाला पक्का. तो म्हणाला, "बरोबर आहे याचं. दहा गोल म्हणजे काय थोडे झाले?"

"विषाची परीक्षा कशाला घ्यायची?" ग्वेन म्हणाली.

"विष? मी?" क्लॅरी म्हणाले.

"तू नाहीस रे. तू बसणं."

क्लॅरींनी फोडींची पिशवी स्पिरोकडे दिली आणि गेले. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. जाताना त्यांच्या चालीत थोडी ऐट दिसली. चाळीस वर्षं काट्यावर दुसऱ्यांचे ट्रक मोजले, आता त्यांच्या स्वतःच्या वजनाने पारडं हलत होतं. माणूस कुणाला कशामुळे हवा असेल, सांगता येत नाही. हवा असणं महत्त्वाचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी अंतिम सामना. शहरातलं मोठं मैदान, लाखभर माणूस. आम्हा चौघांना एकत्र तिकिटं मिळाली, ती स्पिरोने कशी मिळवली हे आम्ही विचारलं नाही. क्लॅरींनी इस्त्रीची पँट घातली होती. माझ्याकडे सॉस नाही ना, हे ग्वेनने माझ्या खिशात हात घालून पाहिलं.

तीन क्वार्टर क्लॅरी जेवढे डोळे उघडून बसले तेवढं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. पापणी मिटली तर काहीतरी निसटेल, असं. तिसरा क्वार्टर संपला. आम्ही दोन गोलांनी मागे.

कुणी मागे वळलं नाही. ग्वेन आपल्या बुटांकडे बघत होती. स्पिरोने चष्मा काढून पुसायला घेतला, तो स्वच्छच होता. मैदानाच्या मधोमध खेळाडू प्रशिक्षकाभोवती गोळा झाले होते.

"मॅली," क्लॅरी हळूच म्हणाले. "बसू का आज?"

गणित मलाही येतं. एका म्हाताऱ्याच्या बसण्याचा आणि चामड्याच्या लांबट चेंडूचा काही संबंध नाही, हे सिद्ध करायला कागदसुद्धा लागत नाही. शिवाय हा सगळा खेळ एका पुडीतून निघालेला, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"बसा की," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले.

"नुसतं 'बसा' म्हणाला असतास, तर बसलो असतो. तू 'की' लावलास."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. अरे, मी बसलो आणि आपण हरलो, तर तुम्ही मला काही बोलणार नाही. तेच मला नकोय. पुढची दहा वर्षं तुम्ही तिघं मला काही न बोलता संत्री खाणार." ते उठले. गुडघा थोडा कुरकुरला.

"मग मी पण येतो बाहेर," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? तू आत असतानाच जिंकतो आपण. जागा सोडू नकोस. बघ आणि सांग. आणि आज," ते थोडे थांबले, "आज खरं सांग. जेवढे झाले तेवढेच गोल."

ते गेले. ग्वेनने तेव्हा मान वर केली आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर आपला स्कार्फ ठेवला. दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून.

मी बघत होतो. शपथेवर सांगतो, मी एकेक गोष्ट मनात रचून ठेवत होतो. आमचा पहिला गोल. मग त्यांचा. मग आमच्या लाल केसांच्या पोराने गर्दीतून उचलून मारलेला, जमिनीवर दोनदा उसळून आत गेलेला. फरक कमी होत होत बरोबरी झाली. मग आम्ही एका गुणाने पुढे, नेहमीसारखा चुकलेल्या नेमाचा गुण. घड्याळात थोडीच मिनिटं उरली होती.

मग भोंगा वाजला, आणि आमचं गाणं लागलं.

मी जिने उतरत धावलो. क्लॅरी खांबापाशीच होते, टोपी हातात. डोळे कोरडे होते, पण गाण्याबरोबर ओठ हलत होते, एक ओळ मागे.

"जिंकलो ना?" त्यांनी विचारलं.

"गाणं ऐकताय की."

"गाणं काय, चुकूनही लावतील. तू सांग."

"जिंकलो, क्लॅरी."

मी त्यांना आत आणलं. कप दिसला, लांबून, या हातातून त्या हातात फिरणारा. ग्वेनने त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावर काहीतरी पुटपुटली. ते आभार होते की माफी, हे मी विचारलं नाही, क्लॅरींनीही सांगितलं नाही.

घरी चौघेही चालतच निघालो, ट्रामला पाय ठेवायला जागा नव्हती. रस्ताभर लोक गात होते. मी शेवटचा क्वार्टर सांगायला घेतला. खरा. जेवढे झाले तेवढेच गोल. क्लॅरी माझ्या बाजूने कान कलता करून चालत होते. बरोबरी झाली, एका गुणाने पुढे गेलो, आणि मी अडलो.

"मग?" क्लॅरी म्हणाले.

"मग भोंगा वाजला."

"मध्ये?"

"मध्ये काय झालं, मला माहीत नाही. मी तोंडावर स्कार्फ ओढून घेतला होता. बघवेना."

ते थांबले. मी ग्वेनकडे वळलो. "ग्वेन, तू सांग."

"मी?" ग्वेन म्हणाली. "मी खाली बघून आईचं नाव घेत होते."

"स्पिरो?"

"मी ग्वेनकडे बघत होतो," स्पिरो म्हणाला. "ती श्वास घेत नव्हती."

क्लॅरी कुणाच्या तरी कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसले. मला आधी वाटलं त्यांना काही होतंय. त्यांचे खांदे हलत होते. मग आवाज फुटला तेव्हा कळलं, हसत होते.

"म्हणजे मला बाहेर काढलंत," ते म्हणाले, "आणि आत डोळे मिटून बसलात."

"आम्ही काय मुद्दाम केलं?" ग्वेन म्हणाली.

"तिघंही?"

"तिघंही."

"मग बरं झालं," क्लॅरी म्हणाले आणि पुन्हा हसले. "मला वाटत होतं, मी एकटाच राहिलो."

ग्वेन त्यांच्या शेजारी भिंतीवर टेकली. समोरून पोरांचा एक घोळका एका पायावर उड्या मारत गेला. या वेळी ती आमचीच पोरं होती.

स्पिरोने फोन काढला. "यात सगळं आहे. आत्ता बघू."

क्लॅरींनी हात आडवा धरला. "फोनवर नको. बाकीचा मोसम याच्या तोंडून पाहिलाय, शेवटही त्याच्याच तोंडून बघेन. मॅली, तू बघ, आणि मग मला सांग."

या गोष्टीला आता सहा महिने होऊन गेले. नवा मोसम सुरू झाला. पहिल्या सामन्याला अजिंक्यपदाचा झेंडा वर चढला, आणि तिसरा क्वार्टर संपल्यावर क्लॅरी सवयीने उठायला लागले. ग्वेनने न वळताच हात मागे घालून त्यांची बाही धरली.

"बस," ती म्हणाली. नुसतं 'बस'.

ते बसले. आम्ही तीन गोलांनी हरलो. क्लॅरींनी त्यातला एक क्षण सोडला नाही. आमच्या पोराच्या हातून अगदी समोरचा चेंडू निसटला, तेव्हा तर त्यांनी अशी दाद दिली की पुढचे लोक वळून बघायला लागले.

त्या दिवशी घरी जाताना माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, सगळं त्यांनी पाहिलेलं. तेच बोलत होते. फाटकापाशी आल्यावर कडी काढता काढता म्हणाले, "ती शेवटची मिनिटं तेवढी तुझ्याकडे राहिलीत."

चित्रण माझ्या फोनमध्ये आहे. मी दोनदा लावलं. आम्ही एका गुणाने पुढे जातो, पडद्यावर स्टँड दिसतं, आणि माझा अंगठा आपोआप थांबवतो. जिंकलो आहोत हे माहीत असूनही.

"पुढच्या शनिवारी नक्की," मी म्हणालो.

"तू मागच्या शनिवारीही हेच म्हणालास," क्लॅरी म्हणाले, आणि आत गेले.