इराच्या वहीतली जांभळी दुरुस्ती

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तर नाहीच — तिच्या लेखी मी लंडनचा मास्तर आहे, आणि नॉटिंगहॅम म्हणजे लंडन नव्हे, हेसुद्धा मी तिला कधी नीट समजावलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतंय. बघतो जमतंय का.

मी इथे प्रायमरी स्कूलमध्ये शिकवतो. दहा वर्षांची मुलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तालुक्याच्या शाळेत सर फळ्यावर उत्तर लिहायचे आणि आम्ही ते पाठ करायचो. त्या उत्तरांच्या जोरावर मी इथवर आलो. त्या सरांचे उपकार मी विसरलेलो नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही. मग कशासाठी सांगतोय? — माहीत नाही.

त्या टर्मला इतिहासात ऑस्ट्रेलिया होता. इंग्लंडहून कैद्यांना घेऊन जहाजं निघाली, किनाऱ्याला लागली, वसाहत झाली, पुढे तिचा देश झाला. मी तयारी मन लावून केली होती. नकाशा, जहाजाचं चित्र, आणि फळ्यावर एक वाक्य — लोकांनी अपार कष्ट करून नवा देश उभा केला. मुलांनी देश कसा झाला ते आपापल्या शब्दांत लिहायचं होतं.

वर्गात एकच मराठी मुलगी होती, इरा. वडील इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिने इंग्रजीत जे लिहिलं ते मराठीत असं होईल — ‘देश नवा नव्हता. तिथे आधीच माणसं होती. त्यांना कुणी विचारलं नाही.’

बरोबर होतं. वाचताक्षणी मला ते कळलं होतं. मग?

आमच्या शाळेत शिक्षक हिरव्या पेनाने तपासतात आणि मुलं आपली दुरुस्ती जांभळ्या पेनाने करतात. वही चाळणाऱ्याला दिसावं, की मुलाने स्वतः पुन्हा विचार केलाय. दुसऱ्या दिवशी हेडटीचर वह्या बघणार होत्या. शाळा सुटल्यावर मी मुलांच्या पेनांच्या डब्यातला जांभळा पेन घेतला. इराची तिन्ही वाक्यं खोडली आणि खाली फळ्यावरचं वाक्य लिहिलं. तिच्या अक्षरात. ती इंग्रजी ‘आय’ अक्षरावर टिंबाऐवजी बारीक गोल काढते — मी तेही काढले.

कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. हेडटीचर तर खूश झाल्या असत्या; मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून त्या प्रत्येक मीटिंगमध्ये घसा कोरडा करतात. ज्यांनी मला नोकरी दिली त्यांच्याबद्दल माझ्या वर्गातून असं काही बाहेर जाऊ नये, असं वाटलं का? आणि आमच्यावरही राज्य यांनीच केलं होतं ना? की फळ्यावर नसलेलं उत्तर बरोबर असू शकतं, हेच मला सोसलं नाही? दोन्ही खरं वाटतं. आणि दोन्ही मिळूनही पुरत नाही.

पण सांगायचं होतं ते हे नाही. म्हणजे — हेही आहे, पण नुसतं हे असतं तर मी कदाचित विसरलो असतो.

पेरेंट्स ईव्हनिंगला इरा आणि तिचे आईवडील समोर बसले होते, मुलांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर. इराने वही उघडली आणि तिचं बोट जांभळ्या ओळीवर थांबलं.

“बाबा, हे माझा नाही. मी नाही लिहिला.”

“अगं, मग काय भूत येऊन लिहून गेलं?” डॉक्टर हसले. आईही हसली. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “काय भानगड आहे, सर?”

मी म्हणालो, “तिनेच केलीय ना दुरुस्ती. विसरली असेल.”

“आय डिडन्ट!”

“इरा! सर खोटं बोलतील का? सॉरी म्हण आधी.”

दुसऱ्या कुणी पालकाने कदाचित वही हातात घेऊन दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी ताडून पाहिली असती. आमच्यात शिक्षकाच्या शब्दापुढे कुणी जात नाही. हे मला ठाऊक होतं. बोलण्याच्या आधीच ठाऊक होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — मी आता काहीतरी बोलेन, म्हणून वाट बघत होती. किती वेळ? दोन सेकंद असतील. मग म्हणाली, “सॉरी, सर.”

आणि मी — मी ‘इट्स ओके’ म्हणालो. तिला माफ केलं मी.

निघताना डॉक्टरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “तुमच्यासारखं आपलं माणूस शाळेत आहे, म्हणून आम्ही निर्धास्त असतो हो.”

पुढच्या टर्मला अमेरिकेचा धडा आला. एका प्लेटाइमला सगळे बाहेर पळाले आणि इरा मागे राहिली. माझ्या टेबलाशी आली, कोरं पान समोर धरलं.

“सर, काय लिहू?”

वर्गात आम्ही दोघंच होतो. घाई नव्हती. तिला खरं सांगायला इतका निवांतपणा पुन्हा मिळणार नाही, हे तेव्हाच कळत होतं मला.

मी उत्तर सांगितलं. तिने ते उतरवून घेतलं, शब्द न् शब्द.