आमच्या कला भवनाचं सवणं

सांगते, पण ह्यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा. आमच्या घरात कुणी मानत न्हाय. मानलात तर आणखी एक कप चहा, न्हाय मानलात तर हाय तेवढाच.

हे कला भवन बघायला आलात न्हवं? बायांची जागा खाली तळघरात, लोकांची वर छपरावर, असली उलटी तऱ्हा कुण्या शहाण्यानं केली म्हणून इचारत हुता? म्या केली. चौथी नापास म्हातारीनं.

आमचं गाव ईट गावाच्या जवळच. बायांचं भजनी मंडळ लई जुनं, पण जागा कुठं? देवळात पुढं पुरुषांचं भजन, मागं आमी, आन् आमच्या मांडीला मांडी लावून गावाच्या चपला. माझी धाकटी जाऊ सुंदरा, तिचा गळा असा की गाय चरायची थांबंल. पण गाताना तिचं तोंड गावानं कधी बघितलं न्हाय. म्हणून भवन मंजूर झालं तवा बायांनी एकच मागणं केलं. एक उंच स्टेज. समोर लोक, मधी आमी. आमच्याकडं सरपंच बाई हाय, पण बोलतो तिचा नवरा. त्यो म्हणाला, "झालंच समजा."

मंग पुण्यावरनं आर्किटेक्ट आला. दाढीवाला, खादीचा झब्बा, पायात फाटकी दिसणारी पण महाग चप्पल. म्या इंजिनेर म्हणलं की त्याला मिरची लागायची.

गावभर फोटो काढत हिंडला. शाळेची स्लॅबची इमारत बघून तोंड वाकडं, पडकी भिंत बघून डोळ्यांत पाणी. माझ्या घरात आला आन् सारवलेल्या भुईवर हात फिरवत बसला. म्हणतो, "आजी, किती खोल विचार आहे ह्यात." कसला विचार? पोरगं फरशी बसवतो म्हणून नुसतं म्हणतंय, तवर शेण.

मंग त्याची मान वर गेली. आमचं घर माळवदाचं, म्हंजी लाकडावर माती टाकून केलेलं सपाट छप्पर. चुलीच्या वर त्याला एक गोल भोसकं ठिवत्यात, त्याला सवणं म्हणायचं. उजेड यावा, धूर जावा, एवढंच त्याचं काम. पाऊस आला की वरून पाटी झाकायची.

"आजी, हे कशासाठी?"

सरळ उत्तर तोंडापातूर आलं हुतं बगा. पण त्यो पेन उघडून असा बसला हुता की मी आता वेदच सांगणार. आन् माझी जीभ कधी सरळ चाललीया का? म्हणलं, "बाळा, ते गाण्याचं भोक. पूर्वी बायांनी पुरुषांपुढं बसायचं न्हाय. मंग बाया खाली चुलीपाशी गायच्या आन् गाव वर माळवदावर बसून ऐकायचं."

मला वाटलं हसंल. त्यानं चष्मा काढून पुसला.

"हे कुठल्याच पुस्तकात नाही, आजी."

"असंल कसं बाळा? आजच निघालं."

त्यानं ते बी लिहून घेतलं.

त्यो गेल्यावर म्या हसून हसून बेजार. पण मंग पाया खणाया लागले, आन् खड्डा काय थांबंना. सुंदरा म्हणाली, "अक्का, आपलं स्टेज खाली चाललंय." ग्रामपंचायतीत नकाशा लागला. टेकाडाच्या पोटात बायांची गोल खोली, तिच्यावर माळवद, माळवदावर लोक. मधी विहिरीएवढं सवणं, त्यात बूड काढलेला रांजण बसवलेला, आवाज वर फेकाया. खोलीचं नाव ठिवलं 'गर्भनाद'. घ्या.

बाया सरपंचीणबाईकडं गेल्या. नवरा बोलला. म्हणाला, आपल्याच गावाची परंपरा हाय, आता बदल व्हायचा न्हाय. सुंदरानं इचारलं, ही परंपरा कुण्या मेल्यानं सांगितली? वयानं म्याच मोठी, म्हणून सगळ्या माझ्याकडं बघाया लागल्या. म्या म्हणलं, "असंल बाई. लई जुनी असंल."

तवाच खरं बोलायला पायजे हुतं म्हणताय? मंग मेलं कोण ठरलं असतं?

उद्घाटनाचा दिवस आला. सुंदरानं स्टेजसाठी म्हणून हिरवं इरकल घेतलेलं, ते नेसून खाली अंधारात बसली. वर फेटेवाले पाव्हणे. खाली आमी, कांदे साठवल्यागत. सुंदरा भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पदरानं डोळं टिपत हुती.

म्या उठले. तिला हाताला धरून मोकळ्या हवेला घेतलं, आन् कानाशी म्हणलं, "रडू नगं. म्याच बनवलं त्याला. सवणं धुराचं असतंय हे शेंबड्या पोराला बी कळतं, पण त्या दाढीला काय बी सांग, लिहून घेतंय. आन् सरपंचीणबाईचा नवरा त्याच्याहून येडा. म्हणतो कसा, ही परंपरा म्या बी माझ्या आज्ज्याकडनं ऐकलीया. वर बघ, फेटे बांधून कसे बसलेत, शेळ्या बसल्यागत."

मोकळी हवा कुठं हुती? सवण्याच्या बरुबर खाली.

वर एक जण फिसकन हसला. मंग अख्खं माळवद हसलं, आन् आमच्या डोक्यावर माती गळाया लागली.

सवण्यातून दाढी आत आली. "आजी, एक एक अक्षर ऐकू आलं. माइक नाही, काही नाही. तुमची परंपरा खरी निघाली."

म्हंजी बगा. म्या थाप मारली, हे त्यानं सोताच्या कानानं ऐकलं. आन् ऐकू आलं म्हणून ती थाप खरी. शिकलेल्या माणसाचं डोकं कुठनं चालतंय, मला तर आजपातूर गावलं न्हाय.

सुंदरानं माझ्याकडं एकदा बघितलं. टाळ उचलले, म्हणाली, "चला गं." बाया तिच्या मागं पायऱ्या चढून माळवदावर सवण्याभोवती जाऊन बसल्या. पाव्हण्यांना म्हणाली, तुमी टेकाडाच्या उतारावर सरका. सरकले. शेळ्या म्हणून घेतल्यावर कुठल्या तोंडानं बसत्याल? त्या दिवशी गावानं गाणाऱ्या सुंदराचं तोंड पयल्यांदा बघितलं.

म्या बी चढाया लागले, तर पायरीवर सुंदरा आडवी आली. "अक्का, तुमी कुठं? तुमी खालीच बसा. परंपरा हाय न्हवं?"

तवापासनं दर कार्यक्रमाला त्या वर उजेडात, आन् म्या हितं तळघरात एकटी, वर तोंड करून त्यांच्या भजनाचं धृपद धरते. दाढी पाव्हणे घिऊन येतो, वाकून मला दाखवतो, म्हणतो ह्या परंपरेतल्या ह्या शेवटच्या आजी. दारात माझा फोटो बी लागलाय.

अवो, पयली बी म्याच की.

झाला चहा? उठा मंग, जा आता, वर टाळ वाजाया लागले. आन् माझ्याबद्दल काय बोलायचं असंल ते माळवदावर बसून बोलू नका. हितं खाली बी सगळं ऐकू येतं.