शिवाप्पाकाकांची वीतभर आयरिस

मी हरलो होतो. आणि आयुष्यात एवढ्या आनंदाने कधीच हरलो नव्हतो.

मला हरवणारा माणूस जाऊन आज एक वर्ष झालं.

शिवाप्पाकाका. मूळचे मंद्रूपच्या शेतकरी घरातले, जुळे सोलापुरातले माझे शेजारी. सैन्यात होते. ऐन उमेदीची अकरा वर्षं डोंगरातल्या चौक्यांवर गेली. तिकडून त्यांनी गंगव्वाकाकूंना एका पत्रात लिहिलं होतं, "हितं दगडाच्या फटीतनं वीतभर उंचीचं निळं फूल येतंय. एकदा तुला दाखवणार."

ती आयरिस या फुलझाडाची बुटकी रानजात.

काका रिटायर झाले, मुलांची लग्नं झाली, गुडघे गेले. डोंगरावर जाणं राहूनच गेलं.

आणि मग काकूंना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती टिकेल, सांगता येत नाही.

त्याच दिवशी काकांनी हिमाचलातल्या जुन्या सोबत्याला फोन लावला. त्याच्या परसात ही फुलं होती.

पार्सल आलं. आत हळकुंडासारखे नऊ कंद.

रुजायच्या आधी त्यांना थंडी हवी असते म्हणून काकांनी ते पेपरात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. दोन महिने!

"मग मेथी कुटं ठेवू? तुमच्या डोक्यावर?" काकूंचा आवाज आमच्या किचनपर्यंत यायचा.

जानेवारी संपता संपता काकांनी कंद लावले. चार बोटं खोल, वर माती दाबून, भरपूर पाणी. हळद लावतात तसेच. शेतकऱ्याचा हात, दुसरं काय करणार?

सगळे कुजले.

पुढच्या वर्षी पुन्हा पार्सल, पुन्हा फ्रिज, पुन्हा चार बोटं खोल. पुन्हा कुजले.

आता माझा पराक्रम ऐका.

मी माइक दिसला की बोलणारा माणूस. देशी झाडं हा माझा जिव्हाळ्याचा विषय. त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत मी कडाडलो, "कडुनिंब लावा, बहावा लावा! हिमालयातली फुलं सोलापुरात लावणं हा निव्वळ वेडेपणा आहे!"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

काका उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्याने. खणखणीत.

दुसऱ्या दिवशी दारात हजर. "सर, भाषण लई भारी झालं. आता चला, कुंड्या उचलायला एक माणूस कमी पडतोय."

गेलो. काय करणार?

तिसऱ्या पार्सलात तीनच कंद निघाले. सोबत्याने चिठ्ठी पाठवली होती : यानंतर पाठवायला नाहीत.

दोन काकांनी लावले. चार बोटं खोल.

तिसऱ्याला काकूंनी हात घातला. "एक तरी मला लावू द्या की."

तोवर काकूंना कडेचं दिसेनासं झालं होतं. त्यांनी माती लोटली, पण कंदाची अर्धी पाठ उघडीच राहिली. खाली वाळू आणि खडेच जास्त.

"अगं, उघडंच ऱ्हायलं की ते," काका माती ओढायला वाकले.

काकूंनी त्यांचा हात झटकला. "ऱ्हाऊ द्या. माझ्या हातचं हाय, तुमी ढवळू नका."

काकांचे दोन्ही कुजले.

काकूंच्या कंदाला मात्र तलवारीच्या पात्यासारखी पानं फुटली. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. डोंगरात हा कंद दगडावर पाठ शेकत पडलेला असतो. त्याला ऊन हवं होतं. आम्ही तीन वर्षं त्याला जिवंत पुरत होतो!

मार्चमधली सकाळ. काकांची आरोळी आली. "नोडु! गंगा, नोडु!"

काका आनंदात कन्नडवर जायचे. बघ, गंगा, बघ.

काकूंना धरून त्यांनी कुंडीपाशी बसवलं. काकू इतक्या वाकल्या की नाक पाकळीला टेकलं.

"निळं हाय," काकू म्हणाल्या. मग जरा वेळाने, "वर ठिपकं हायेत. मधी पांढरी लव, सुरवंटावानी."



"एवढुसं?" काकू वळल्या. "ह्याच्यापायी अकरा वर्षं लेकरं माझ्यावर टाकून तितं बसला व्हता व्हय?"

काका रडत होते आणि हसत होते.

"तोडू का लिंगपूजेला?" काकांनी डोळे पुसत विचारलं.

"न्हाई," काकू म्हणाल्या. "जितं हाय तितंच पूजा हाय त्याची."

ते फूल दोन दिवस टिकलं. काकूंची नजर त्यानंतर वर्षभर. पण काकूंनी पाहिलं! डोळ्यांनी पाहिलं! कोण म्हणतं माणूस हरतो?

देशी झाडांबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण या गावात आपल्याला जन्मदाखल्यासोबत एक वाक्य मिळतं, "हितं हे होत न्हाय." ते वाक्य मी परत केलंय. काकांच्या कुंडीपाशी.

कंद वाढत गेले. एकाचे चार झाले, चाराचे अकरा. गेल्या मार्चमध्ये, फुलं उमललेली असतानाच काका गेले, लिंगैक्य झाले.

काकूंना आता काहीच दिसत नाही. यंदा लावणीच्या वेळी मी म्हटलं, काकू, कंद मी लावतो.

"सर, तुमी नुसती कुंडी धरा."

त्यांनी प्रत्येक कंद मातीत बसवला आणि वरून अंगठा फिरवला. "पाठ उघडी पायजे. ती बोटाला कळती. डोळ्याचं काय काम हाय त्यात?"

आज सकाळी गेलो. फुलं मोजली आणि जाहीर केलं, "काकू, सात आलीत!"

काकूंची बोटं पानांतून हळूच फिरली. थांबली.

"आठ हायेत. ही कळी तुमी मोजलीच न्हाय."

खरंच आठ होती.

काका, तुमच्यासाठी हार घेऊन आलो होतो. तो फोटोला घातला. मग कुंडीपाशी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. एकट्याने. खणखणीत.

ही तुम्हाला माझी श्रद्धांजली.