बंद दुकानाची भरभराट

बेळगावातलं आमचं कापडाचं दुकान चालू होतं तोवर रडतखडत चाललं. बंद पडल्यावर मात्र त्याने जोर धरला. निदान तिथल्या विक्रीकराच्या कचेरीचं तरी तसं ठाम मत होतं.

दुकानाला कुलूप लावून आम्ही मुलुंडला आलो, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी कॉलेजात होते. बाबांना मरोळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. आई घरी ब्लाउज शिवायची, आणि खरं सांगायचं तर घर तिच्या मशीनवरच चालायचं. निघताना दुकानाची जागा मालकाला परत दिली, उरलेला माल फुंकून टाकला, पण ‘धंदा बंद केला’ हे कचेरीला कळवायचं तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे बाबांनी राहू दिलं. चार पैसे गाठीला बांधायचे आणि परत जायचं, असा त्यांचा हिशेब होता. हिशेबात ते पहिल्यापासून कच्चे, नाहीतर दुकान कशाला बुडालं असतं!

मग जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत नोटिसा येऊ लागल्या. सगळ्या कन्नडमध्ये. बाबांचं कन्नड उत्तम होतं. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना त्यांना कुठलीच भाषा आडवी येत नसे. पण सरकारशी कन्नडमध्ये व्यवहार करायचा नाही, हा बेळगावच्या मराठी माणसाचा बाणा. ते प्रत्येक नोटिशीवर ‘मराठीत पाठवावी’ असा शेरा मारायचे आणि परत धाडायचे. तिकडे हिशेब सादर होईना, म्हणून कोणीतरी साहेब अंदाजानेच कर लावायचा, आणि दर वर्षी थोडा वाढवायचा. मोठा आशावादी माणूस असावा. आमच्या धंद्यावर एवढा विश्वास बाबांच्या सासऱ्यांनीही कधी दाखवला नव्हता.

शेवटी बाबांची मागणी मान्य झाली. त्यांच्या कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, एका गुरुवारी सकाळी तहसील कचेरीतला एक वसुली कारकून दारात उभा राहिला, आणि त्याच्या हातातला कागद चक्क मराठीत होता. एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन राज्यं वसुलीपुरती गुण्यागोविंदाने नांदत होती. तिकडची थकबाकी इकडच्या सरकारने वसूल करून पाठवायची, असा कायदाच होता म्हणे.

“काका, भरता का?” कारकुनाने विचारलं. “नाहीतर दोन शेजारी पंच म्हणून बोलवा. सामानाची यादी करायला लागेल.”

त्याची नजर खोलीभर फिरली आणि मशीनवर येऊन थांबली. जप्त करण्याजोगं दुसरं होतंच काय आमच्याकडे? आई अर्धवट शिवलेला ब्लाउज हातात धरून तशीच उभी राहिली. मशीन जाणार याची भीती आणि ते शेजाऱ्यांदेखत जाणार याची लाज, यातलं काय जास्त होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

“अहो, दुकान बंद होऊन चार वर्षं झाली,” ती म्हणाली.

“मग तसं कळवलंत का नाय? राज्य सोडताना कळवायला लागतं ना!”

“मी राज्य सोडलोच नाही की हो!” बाबा उसळले. “बेळगाव महाराष्ट्राचंच आहे. इकडच्या घरातून तिकडच्या घरात आलो, त्याला राज्य सोडलो म्हणतात?”

कारकून बिचारा कोकणातला. त्याने आईने दिलेला चहा घेतला. “असेल ना काका, तुमचंच असेल,” तो म्हणाला. “पण मग कर कुठल्या सरकारचा थकवलात?”

बाबांनी त्याच्या हातातला कागद घेऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

माणूस मात्र भला होता. म्हणाला, अर्ज लिहून द्या, मी मुदत मागून घेतो. जागामालकाचं पत्र जोडा, सुटेल. मग तो सांगत गेला आणि बाबा लिहीत गेले. दुकान अमुक महिन्यात बंद केलं, इथपर्यंत पेन चाललं. पुढे तो म्हणाला, “लिहा, कर्नाटक राज्य सोडून महाराष्ट्रात कायमचा स्थायिक झालो आहे. परत जाण्याचा इरादा नाही.”

बाबांनी पेन खाली ठेवलं.

मला त्यांचा इतका राग आला! एका वाक्यासाठी हा माणूस आईचं मशीन घालवणार? मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. गावचा टेंभा मिरवणारा नेहमीचा चेहरा नव्हता तो. पेन ‘परत जाण्याचा इरादा नाही’पाशी अडलं होतं. मग मीच त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला आणि ते वाक्य लिहिलं. त्यांनी न वाचता सही केली, मराठीत.

कारकून गेला. आई पुन्हा मशीनवर बसली, पण पाय चालवेना. हलकेच म्हणाली, “अहो, आता इथलं रेशनकार्ड काढायचं का?”

त्यासाठी आधी बेळगावच्या कार्डावरचं नाव कमी करावं लागलं असतं; ते नको म्हणून इतकी वर्षं आम्ही वाण्याकडची महागडी साखर खात होतो. बाबा उठले, सदरा घातला आणि रेशन ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असतं, ते खालच्या वाण्याला विचारायला गेले.